बिटाच्या कोशिंबिरीची गाडी

विकायच्या गाडीला कोणी नवे कपडे शिवत नाही. म्हणूनच मी शिवायचं ठरवलं.

गाडी तशी साधी, छोटी, पांढरी. नवऱ्याने निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली. ते गेले आणि ती बिल्डिंगखाली उभीच राहिली. जबलपूरच्या उन्हाने तिच्या बॉनेटवरचा रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटत गेला. बरेच दिवस मी तिच्याकडे बघायचंही टाळलं. मग एक दिवस उठले आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. माझा स्वभाव तापट. गाडी बंद पडली की मी शेजारी बसलेल्या मास्तरांवर ओरडायची. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "आंटी जी, आप गाड़ी चलाइए, मुझे मत चलाइए." पण शिकले. आता संध्याकाळी नेपियर टाउनच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायला मी त्याच गाडीतून जाते. शेजारच्या वहिनींना गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेते. मझौलीला मैत्रिणीच्या शेतावर जाऊन हरभऱ्याची भाजी आणि हुरडा घेऊन येते. माझे दिवस त्या गाडीच्या चार चाकांवर पुन्हा फिरायला लागले, असं म्हटलं तर खोटं नाही.

हे माझ्या मुलाला पटत नव्हतं. तो पुण्यात असतो. त्याच्या डोळ्यांसमोर अजूनही मी डावीकडच्या सीटवर, मांडीवर डबा धरून बसलेली. एके दिवशी त्याचा फोन आला.

"आई, दिवाळीला येऊन राहिलो. जाताना तुला घेऊनच जाऊ. गाडी माझा मित्र घ्यायला तयार आहे. तू एकटी काहून राहून राहिली तिथं?"

झालं, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्याला बरंच काही सुनावलं, त्यातलं निम्मं विषयाला सोडून होतं, आणि फोन ठेवला. वादात मी नेहमी अशीच हरते. मुलगा वाईट नाही. वडील अचानक गेले तेव्हापासून रात्री फोन वाजला की तो ताडकन उठून बसतो, हे मला माहीत आहे. पण मला पुण्याला जायचं नव्हतं. मदन महालचं हे घर, हा क्लास, ही माणसं सोडून मुलाच्या बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत बसायचं नव्हतं. बोलून जमत नसेल तर करून दाखवावं, असं मनाशी म्हटलं. गाडीला बॉनेटपुरता पॅच मारण्याऐवजी सगळीच नवी करायची. दिवाळीला त्याने गाडी पाहिली की विकायचं नाव काढता कामा नये.

रंग मारण्यापेक्षा हल्ली गाडीवर व्हिनाइलची फिल्म चिकटवतात, तिला रॅप म्हणतात. हे मला क्लासमधल्या पोरींनी सांगितलं. दुकान शोधलं आणि सोबत शेजारच्या भाऊजींना नेलं. नेलं म्हणजे काय, ते स्वतःच चप्पल घालून तयार होते. भाऊजी आणि माझे यजमान, दोघं मिलिटरीचे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात एकाच शेडमध्ये, रंगकामावर. आयुष्यभर दोघांनी ट्रक रंगवले आणि तपासले. यजमान रंग कसा तपासायचे ते मी एकदा कारखान्याच्या पूजेच्या दिवशी पाहिलं होतं. हात पाठीमागे बांधून गाडीला पूर्ण फेरी, मग गुडघ्यात वाकून उजेडाच्या तिरक्या रेषेत नजर. जोड दिसता कामा नये, एवढाच त्यांचा नियम. एका हाताचा रंग कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला हे दिसलं की ट्रक परत. घरी भिंतीला पांढरा मारायला आलेल्या माणसांनाही हाच जाच.

दुकानदार तरुण, बोलायला गोड. त्याने टेबलावर फिल्मचे तुकडे मांडले. काही एकरंगी होते, आणि काही असे की एका टोकाला एक रंग आणि हळूहळू विरत दुसऱ्या टोकाला दुसरा. निळ्यातून काळा, लालातून काळा.

"आजकल यही चल रहा है, आंटी. आपकी गाड़ी के नाप का प्रिंट करवा देंगे."

"दोन रंग एका गाडीवर?" भाऊजी म्हणाले. "आमच्या शेडमध्ये असा ट्रक निघाला असता तर तुमच्या यजमानांनी तिघांना साहेबासमोर पेशीला उभं केलं असतं, वहिनी."

ते ऐकूनच मला दुरंगी हवीशी झाली. नवऱ्याला छळायची संधी जिवंतपणी जेवढी मिळाली तेवढी मी घेतली, मेल्यावर काहून सोडायची?

तेवढ्यात भाऊजींनी गठ्ठ्यातून एक तुकडा उपसला आणि उजेडात धरला. मळकट, गडद हिरवा. ट्रकचा हिरवा. मी बघत राहिले. हा रंग रोज संध्याकाळी आमच्या घरी यायचा. यजमानांच्या नखांत असायचा, रुमालावर असायचा, कधी कानामागे ठिपका असायचा आणि तो मी जेवताना ओल्या पदराने पुसायची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊजींनी दुसरीकडे तोंड केलं. ठरलंच मग. पुढे गाडीचा मूळ पांढरा, मागे जाता जाता हा हिरवा. दुकानदार शहाणा होता. तो म्हणाला, दुकानातल्या दिव्यात रंग फसवतो, आधी मागच्या दारावर नुसता हिरवा लावून देतो, चार दिवस उन्हात फिरवा, मग सांगा.

मी फिरवली. दुसऱ्याच दिवशी क्लासला जाताना चौकात ट्रॅफिकच्या शिपायाने शिट्टी मारली.

"मैडम, फौज में हैं?"

"मैं फौज में दिखती हूँ?"

"तो पीछे ये रंग कैसे? ये सिर्फ फौज की गाड़ियों का है. सिविल वाले नहीं लगा सकते. उतरवा लीजिए."

चांगला माणूस होता, तेवढ्यावर सोडलं. मी घरी आले ती थेट भाऊजींच्या दारात. ते ऐकून खुर्चीवर बसलेच. हजारो ट्रकांना तो रंग आपल्या हातांनी देणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं.

"वहिनी, आमच्या शेडमध्ये दुसरा रंगच नव्हता. गाडी म्हटली की हाच. तो दुसऱ्या कोणाला मना आहे, हे कधी ध्यानातच नाही आलं." त्यांचा चेहरा शाळेत पट्टी खाल्लेल्या पोरासारखा झाला होता. "मला तर वाटून राहिलं होतं, हा आपला घरचा रंग."

मला राग यायला हवा होता. पण मी हसायला लागले. शेजारच्या वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, त्याही हसल्या, मग भाऊजीही. यजमान गेल्यापासून त्या घरात आम्ही तिघं असं हसलो नव्हतो. तो रंग सरकारचा होता, आणि त्या दोघांचा होता. माझा नव्हता, एवढं मात्र मला त्या हसण्यातच कळून चुकलं.

मग माझा कोणता? घराचा पिस्ता रंग यजमानांच्या पसंतीचा. साड्या आधी सासूबाईंच्या पसंतीच्या, आणि यजमान गेल्यावर लोकांनी आणून दिलेल्या राखी, बदामी, फिक्या. रागावून मी लोकांना कितीही बोलत असेन, रंगाच्या बाबतीत जे आलं ते नेसत आले. दारावरचा हिरवा उतरवून घेतल्यावर दुकानदाराचा दोनदा फोन आला. दोनदा मी "सोचकर बताती हूँ" म्हटलं. दिवाळी जवळ आली होती.

एका दुपारी जेवणासाठी बीट किसलं. वाडग्यात आधी दही होतं. कीस एका बाजूला टाकला आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून गॅसकडे वळले. परत येऊन पाहिलं तर बिटाचा रंग दह्यात उतरत होता. एका कडेला गच्च, लालसर जांभळा, मग गुलाबी, मग फिका, आणि पलीकडे पांढरं स्वच्छ दही. कुठे काय संपतं ते सांगता येत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी कालवायचा चमचा ठेवून दिला, वाडग्यातलं तसंच्या तसं अलगद स्टीलच्या डब्यात घेतलं, भाऊजींना हाक मारली आणि गाडी काढली.

रस्ते आपल्याकडचे. दुकानात पोचून ऐटीत डबा उघडला तर आत सगळं एकजीव झालेलं.

"आंटी, ये तो एक ही रंग है," दुकानदार म्हणाला.

"रास्ते में घुल गया. पहले ऐसा नहीं था."

तो भाऊजींकडे बघायला लागला. बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्याला विचारायचं असणार. मी चिडले, पण मागे हटले नाही. शेजारच्या डेअरीतून दही आणवलं, त्याच्या चहाच्या बशीत ओतलं, कडेला माझी कोशिंबीर ठेवली आणि बोटाने जरासं ओढलं. तो वाकला. बराच वेळ पाहिलं, मग मोबाइलने फोटो काढला.

"अच्छा. ये तो बढ़िया है, आंटी."

भाऊजींनी डब्यातली कोशिंबीर चाखून पाहिली. "मीठ कमी आहे," म्हणाले.

या वेळी मी आधी परिवहन कार्यालयात गेले. रंग बदलायला त्यांची परवानगी लागते आणि कागदावर नवा रंग चढवावा लागतो. बाबूने विचारलं, कौन सा रंग लिखूँ? मी म्हटलं, चुकंदर, म्हणजे आपलं बीट. त्याने सफेद आणि गुलाबी लिहिलं. गुलाबी तर गुलाबी.

फिल्म चढवायला लागले तेव्हा भाऊजी तिथे खुर्ची टाकून बसले. गरम हवेच्या मशीनने फिल्म मऊ करायची, ताणायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने खालची हवा बाहेर काढत न्यायची. पुढच्या दारावरचा गुलाबी मागच्या दारावरच्या गुलाबीशी नेमका जुळायला हवा, नाहीतर सगळं मुसळ केरात. भाऊजींनी एकदा उठून मागच्या चाकावरचा एक फुगा दाखवला, तेवढंच. शेवटी हात पाठीमागे बांधून फेरी मारली, वाकले, आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मॅट नको म्हणून मी आधीच सांगितलं होतं, ती मला अंघोळ न केल्यासारखी वाटते. ही चकचकीत होती. बॉनेट पांढरं, जसं आधी होतं तसं, उन्हाने उडायच्या आधीचं. दारांवरून हळूहळू फिकट गुलाबी. मागे भरगच्च बीट.

बिल्डिंगमध्ये एक बाई म्हणाल्या, या वयात? मी म्हटलं, हौसेला मोल नसतं, आणि वयही नसतं. घरी येऊन मात्र धाकधूक वाटायला लागली. मुलगा हसला तर? बाबांच्या गाडीचं हे काय केलंस म्हणाला तर? तर माझ्याकडे बोलायला काही उरणार नव्हतं, कारण बोलायचं ते सगळं मी गाडीवर चिकटवून बसले होते.

तो सकाळी मदन महाल स्टेशनवर उतरला. एकटाच आला होता, सून आणि नात मागून येणार होत्या. मी बाहेर गाडी लावून आत बसून होते. तो बॅग घेऊन बाहेर आला आणि पांढरी गाडी शोधायला लागला. माझ्यावरून दोनदा नजर गेली आणि पुढे गेली. मी हॉर्न वाजवला.

तो थांबला. बॅग खाली ठेवली आणि गाडीभोवती चालायला लागला. मी आरशातून पाहत होते. चालता चालता त्याचे हात पाठीमागे गेले. मागच्या दाराशी तो गुडघ्यात वाकला आणि तिरक्या उजेडात नजर लावली. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले.

मग तो माझ्या खिडकीशी आला. दरवेळी आला की तो इथेच उभा राहून चावीसाठी हात पुढे करतो, मी उतरून पलीकडे जाते आणि तो सीट मागे सरकवतो.

"आई," तो म्हणाला, "जोड कुठेच दिसत नाही गं."

त्याने बॅग मागे टाकली आणि डावीकडून येऊन बसला. बेल्ट लावला. मग खिशातून मोबाइल काढून फोन लावला आणि मित्राला म्हणाला, "नहीं यार, वो गाड़ी वाली बात रहने दे. आई चलाती है."

मागे एक ऑटोवाला केव्हाचा हॉर्न वाजवत होता. मी इंडिकेटर दिला आणि गाडी काढली.