धोंडिबाच्या गोठ्यातला दिवा

विषय : धरणापलीकडच्या वाडीचा धोंडिबा याच्या गोठ्यात विजेचा एक दिवा मिळण्याबाबत.
संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज, माझ्या हस्ताक्षरात. २) बापूसाहेबांची मते, तोंडी.

वरील विषयास अनुसरून सादर करतो की, या अर्जाची हकीकत सांगायची तर आधी बापूसाहेबांची सांगावी लागेल. वडगावच्या मामलेदार कचेरीत मी जन्मभर कारकुनी केली. तिथे एक पाहिलं. फाईल उघडते तेव्हा तिच्यात एकच कागद असतो, आणि वर्षभरात सुतळी पुरत नाही. पेन्शन घेऊन लोणावळ्याला राहायला आलो तेव्हा बापूसाहेबांचा मी एकच किस्सा ऐकला होता.

बापूसाहेब रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे जगात तारेतून जे जे जातं ते आपल्या परवानगीने जातं, असा त्यांचा समज आहे. विलायतेहून त्यांच्याकडे यंत्रांची मासिकं येतात. लढाई सुरू झाल्यापासून बोटी उशिरा लागतात, म्हणून चार-चार महिने शिळी येतात. संध्याकाळी व्हरांड्यात आम्हा मंडळींना ती ताजी म्हणून वाचून दाखवली जातात. शेवटी चष्मा काढून बापूसाहेब निकाल देतात, "अजून पाच वर्षं. मग चूल कशाला म्हणतात ते नातवंडांना समजावून सांगावं लागेल." हे मी सात वर्षं ऐकतो आहे. आतल्या चुलीवर त्यांच्या पत्नीने, माईंनी, केलेला चहा पीत ऐकतो आहे.

धोंडिबा या व्हरांड्यात दूध घालायला येतो. त्याच्या बापाच्या भातखाचरावर आता तलावाचं पाणी आहे. त्या पाण्याची वीज होते आणि धोंडिबाच्या उरलेल्या खाचरात उभ्या केलेल्या लोखंडी मनोऱ्यावरून ती तारेने मुंबईला जाते. खाली त्याचा गोठा अंधारात. रॉकेल कार्डावर मिळतं आणि महिना अर्धा सरायच्या आत संपतं. गेल्या भाद्रपदात पहाटेच्या धारेला त्याच्या सुनेने चाऱ्यात हात घातला आणि चाऱ्यात घोणस होती. वैद्याने जीव राखला, बोट राखता आलं नाही. तेव्हापासून धोंडिबा दूध मापून झालं की व्हरांड्यातल्या दिव्याकडे बघतो आणि रोज एकच विचारतो.

"बापूसायब, ह्यो दिवा आमच्या गोठ्यात कवा?"

बापूसाहेब म्हणतात, "अजून पाच वर्षं."

*

लोणावळ्यात वैशाखातही रात्री पांघरूण लागतं. बापूसाहेबांनी तिथे छताला विजेचा पंखा बसवला. मासिकात लिहिलं होतं की सुधारलेल्या घरात हवा खेळती हवी. पहिल्या दिवशी आम्हाला मुद्दाम बोलावणं आलं. आम्ही गेलो तर बापूसाहेब डोक्याला मफलर, अंगावर शाल अशा थाटात पंख्याखाली बसलेले.

"पहिल्या नंबरावर आहे," ते म्हणाले. नाक चोंदलेलं होतं. "अजून दोन नंबर बाकी आहेत."

माई चहा घेऊन आल्या आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक घोंगडी ठेवून गेल्या. तिसरा नंबर लावायची वेळ आली नाही. बापूसाहेबांच्या छातीला पोटीस बांधावं लागलं.

*

मग दाराला विजेची घंटा आली. कडी वाजवणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे, असं मासिकाचं मत. श्रावणात तारेत पाणी शिरलं आणि घंटा आपल्या मनाने वाजू लागली. माई दिवसातून वीसदा हात पुसत दारापर्यंत जायच्या, बाहेर धुकं. शेवटी त्यांनी घंटेकडे लक्ष देणं सोडलं.

एकदा मीच अर्धा तास ती घंटा दाबत भिजत उभा राहिलो. दार उघडल्यावर माई म्हणाल्या, "भाऊसाहेब, कडी वाजवायची नाही का? घंटा वाजली की आम्ही समजतो, कोणी नाही."

*

लढाईच्या पहिल्या वर्षी रेडिओ आला. परसातल्या फणसाला बांबू बांधून वर तार चढवली, एवढ्या कामात शेजाऱ्यांची दोन कौलं फुटली. संध्याकाळी सगळे जमलो. निवृत्त ड्रॉइंग मास्तर इस्त्रीचा कोट घालून आले, जणू लंडनवाले त्यांना बघणार होते. बापूसाहेबांनी खुंटी पिळली. खर्र... सूं... खर्र. पाव तास तेच.

बापूसाहेब डोळे मिटून म्हणाले, "हा लंडनचा आवाज."

आम्ही आदराने खुर्च्या पुढे ओढल्या. धोंडिबा दुधाची चरवी घेऊन पायरीवर उभा होता. तो बराच वेळ कान देऊन ऐकत राहिला. मग म्हणाला, "लय पाऊस लागलाय म्हनायचा तितं. गवात झाकून ठिवलंय का न्हाई त्यांनी?"

त्या दिवशी लंडनची एवढीच बातमी लागली.

पुढच्याच मासिकात छापून आलं होतं की बोलणाऱ्याचा चेहरा दाखवणारं यंत्र विलायतेत तयार आहे. बापूसाहेबांनी पाच वर्षांचा निकाल दिला. मास्तरांनी मान डोलावली. आतून माईंचा आवाज आला, "म्हणजे आता खरखर दिसणार का?"

*

सुनेचं बोट गेल्याचं कळलं तेव्हा मात्र बापूसाहेब दोन दिवस मासिक वाचायचे थांबले. जखम भरून सून पुन्हा धारेला बसू लागली, तेव्हा ते सायकल घेऊन वाडीवर गेले. सोबत मी. सायकलीला डायनामो होता, म्हणजे चाकाला घासून वीज करणारी बाटली. सायकल गोठ्यात स्टँडवर उभी केली, धोंडिबाला वर बसवलं आणि पायडल मारायला सांगितलं. संध्याकाळची धार होती. बापूसाहेब छत्रीने खुणा करत होते.

दिवा लागला. खोटं कशाला बोलू, चांगला लख्ख लागला. चाऱ्यातली काडी न् काडी दिसली. पण म्हशीनेही प्रथमच बापूसाहेबांना नीट पाहिलं, आणि वर त्या डायनामोची घरघर. तिने कान टवकारले आणि पान्हा चोरला. धोंडिबा पायडल मारतोय, घाम गळतोय, सून कास चोळतेय, चरवीत थेंब नाही. पायडल थांबवलं की अंधार. अंधार झाला की म्हैस मोकळी होणार, तेवढ्यात बापूसाहेब ओरडायचे, "मार, मार!"

अखेर सून उठून उभी राहिली. चार बोटांनी पदर सावरला आणि सासऱ्याला शांतपणे म्हणाली, "मामंजी, दिवा बघायचा का दूध काढायचं, एक काय ते ठरवा."

परत येताना बापूसाहेब म्हणाले की दोष म्हशीचा आहे.

*

मग मी म्हटलं, आता यंत्र पुरे; अर्ज करू. माझ्याजवळ तेवढी एकच विद्या आहे. तीन मसुदे केले. पाणी अर्जदाराच्या जमिनीवर, मनोरा अर्जदाराच्या जमिनीत, तार अर्जदाराच्या डोक्यावर, सबब एक दिवा अर्जदाराच्या गोठ्यात मिळावा. सुनेच्या बोटाचा परिच्छेद मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला. धोंडिबाने अंगठा उठवला. वाडीला परतताना त्याने खाचरातल्या मनोऱ्यालाही हात जोडल्याचं मागाहून कळलं.

इथे बापूसाहेब आडवे आले. त्यांचं म्हणणं, मोठ्या दाबाची वीज थेट गोठ्यात घेता येत नाही. ती मध्ये उतरवून घ्यावी लागते, आणि हे वीज कचेरीतल्या लोकांना समजावून दिलं पाहिजे. त्यांनी चार रंगांच्या शाईत मनोऱ्याचा, तारांचा आणि गोठ्याचा नकाशा काढला. अर्जाला काहीही जोडताना मी आयुष्यभर दहादा विचार केला. त्या दिवशी भिडेपोटी केला नाही.

दोन महिन्यांनी वीज कचेरीतून पत्र आलं. दिव्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. सोबतचा नकाशा कोणी काढला, लढाईच्या दिवसांत तारमार्गाची माहिती अर्जदारास कोठून मिळाली, याचा पंधरा दिवसांत खुलासा मागितला होता.

मी पत्र व्हरांड्यात वाचून दाखवलं. बापूसाहेबांनी चष्मा पुसला. मग चष्म्याची घडी घातली. म्हणाले, "भाऊसाहेब, मला कुठे चित्रं काढता येतात? मास्तर काढतात."

मास्तर त्यानंतर महिनाभर व्हरांड्यात आले नाहीत.

खुलासा मीच लिहिला. अर्जदार अशिक्षित असून त्यास सदर मनोरा रोज दिसतो, कारण तो त्याच्या खाचरात आहे, एवढंच. खुलासा मान्य झाला. पुढच्या पत्रात लिहिलं होतं की, अर्जदारास तारमार्गाविषयी आस्था असल्याचे दिसून येते, सबब आपल्या जमिनीतील मनोऱ्यावर रात्री गस्त घालण्याचे काम त्याजकडे सोपवण्यात येत आहे. कोणी तारेशी छेडछाड करील तर चावडीवर वर्दी द्यावी. गस्तीस येताना कंदील स्वतःचा आणावा.

हे वाचलं तेव्हा धोंडिबा पायरीवर बसला होता. त्याने वरच्या दिव्याकडे बघितलं.

"कंदील माजा," तो म्हणाला. "आन् त्यात घालायचं त्याल?"

बापूसाहेब आत निघून गेले. पाच वर्षांचा निकाल त्या दिवशी झाला नाही.

वाढीव रॉकेलसाठी मी दुसरा अर्ज लिहिला आणि माझ्याच जुन्या कचेरीत दिला. उत्तर आठ दिवसांत आलं. अर्जदाराचा विजेच्या दिव्याबाबतचा अर्ज वीज कचेरीकडे विचाराधीन असल्याने, त्याचा निकाल लागेपर्यंत रॉकेलबाबत विचार करता येत नाही. वाक्य ओळखीचं होतं. अशा प्रसंगी लिहायचं हे वाक्य त्या कचेरीत मीच बसवून दिलं होतं.

हल्ली घरातला एकुलता कंदील धोंडिबा मनोऱ्याकडे घेऊन जातो आणि उजाडल्यावर परत आणतो. पहाटेची धार सून काढते. आधी काठीने चारा बडवते, मग हात घालते.

सदर अर्ज प्रलंबित आहे.