गवती चहाची भट्टी आणि गेलेला वास

काकींनी मला सांभाळलं, हे आधी लिहून ठेवतो. बाकीचं लिहिता लिहिता धीर सुटायचा. नात्याच्या नाहीत त्या. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची आंब्याची बाग, आणि बागेच्या कडेला गवती चहाचं तेल काढायची भट्टी. मी बीडकडचा, नववीतून शाळा सोडलेला. हंगामाला पेट्या भरायला आलो, आणि त्यांनी ठेवून घेतलं.

त्यांच्या सासूच्या वेळी हा चहा न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढायचा. कुणाला ताप आला की चार पाती आल्याबरोबर उकळायची, एवढंच. तेल काढायला काकींच्या यजमानांनी सुरुवात केली, तांब्याच्या हंड्यात. आता ते नाहीत, हंड्याच्या जागी स्टीलची टाकी आहे, पण रीत तीच. खाली पाणी, वर जाळीवर गवत, झाकणाच्या कडेला कणीक लिंपायची नि जाळ घालायचा. वाफ नळीतून थंड पाण्याच्या पिंपातून जाते आणि पलीकडच्या बरणीत पाण्यावर पिवळं तेल तरंगतं. गुडघे धरलेली माणसं ते खोबरेलात मिसळून चोळतात, सर्दीवाले गरम पाण्यात थेंब टाकून वाफ घेतात.

"नुसतं लावू नका हो, कातडं सोलून निघेल," काकी प्रत्येकाला बजावतात.

गेल्या वर्षी तापात माझा वास गेला. ताप उतरला, वास आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, वाट बघा. शेजारचे हसले, "बरं झालं, घाट्या! आता तरी मासे खाशील." खाल्ले. तिखट आणि खारट, एवढंच कळलं. आई फोनवर विचारते काय जेवलास, तर मी रंग आठवून सांगतो.

काकी दर भट्टीचा पहिला थेंब बोटावर घेऊन माझ्या नाकाखाली धरायच्या.

"येतो काय रे?"

"नाही काकी."

"येईल. नाक काय पळून जातंय?"

पण भट्टीचं काम नाकावरच चालतं. कणीक तडकली की वाफ बाहेर सुटते, घमघमाट होतो, तो आला की लगेच ओली कणीक दाबायची. काकी जवळ असायच्या म्हणून निभत होतं. त्या दिवशी गुडघे दाखवायला त्या एसटीने रत्नागिरीला गेल्या. मी पुढून कणीक बघत राहिलो, बरणीवरचं तेल काढून, हंगामभराचं तेल साठवलेल्या कॅनमध्ये ओतत राहिलो. चीर मागे पडली होती, भिंतीच्या अंगाला. पाणी आटलं. गवत करपलं. मी शेजारी जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर बसलेलो.

रस्त्यावर रिक्षा थांबली. "ओ भाऊ, काय पेटवलंत काय? कोपऱ्यापासून वास मारतोय! नाक गहाण टाकलंय काय?"

झाकण काढलं तर आत काळं. कॅनमधल्या सगळ्या तेलाला जळका वास लागला होता. तोही मला रिक्षावाल्यानेच सांगितला.

काकी आल्या, फाटकातच थांबल्या. दर हंगामाला तेल नेणारा व्यापारी आला तेव्हा मी मागे उभा होतो. त्याने बूच काढलं आणि तोंड फिरवलं.

"हे कोणाच्या हातचं?"

"माझ्याच. डोळा लागला जरा."

"मग बंद करा आता काकी. वय झालं."

तो गेला, तो परत आला नाही. आता गावात म्हणतात, काकींचा हात गेला. गवत कमरेएवढं वाढलंय, टाकी उपडी पडलीय.

मी विचारलं, "असं का सांगितलंत?"

"तुझं म्हटलं असतं तर तुला कुणी पेटी उचलायलासुद्धा ठेवला नसता. माझं काय, मी घरची."

रोज सकाळी एक पात चुरगाळून नाकाशी धरतो. काही नाही. ओला कागद चुरगाळल्यासारखं. आता येईल असं वाटतही नाही. कुठल्याही कामावर जायचं म्हटलं की आधी हेच मनात येतं, आपल्याशेजारी काय जळत असेल आणि कळणार नाही.

काकी, त्या व्यापाऱ्याच्या दारात जायला अजून पाय उचलत नाहीत. पण एक दिवस जाईन. वास परत आला तर आपल्या भट्टीचं स्वच्छ तेल घेऊन, नाही आला तर रिकाम्या हाताने. चार माणसांसमोर सांगेन, ते तेल मी करपवलं होतं, तुमचा हात कधीच गेला नव्हता.