भूक लागली असन

ह्यांना लकवा मारला तेव्हापासून आमच्या अकोल्याच्या घरात सल्ल्यांना तोटा नाही. येणारा प्रत्येक जण खुर्ची ओढतो, चहा घेतो आणि मला सांगतो, कोमट तेल चोळलं पाहिजे, सकाळी उन्हात बसवलं पाहिजे, तुम्ही खंबीर राहिलं पाहिजे. मी हो म्हणते. आता तर हो म्हणायचंसुद्धा जिवावर येतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीची पोर अमरावतीहून राहायला आली आणि आली त्या दिवसापासून ह्यांनी जेवणच सोडलं. चमचा ओठाशी नेला की मान भिंतीकडे. बोलता येत नाही, मग कारण तरी काय सांगणार? डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्या नळीची मला धास्तीच बसली.

पोरीला शाळेनं इंग्रजीचा अभ्यास दिलेला. पलंगाशी बसून ती मोठ्यानं म्हणाली, "ही मस्ट बी हंग्री." आता मस्ट मला ठाऊक होतं, टीव्ही पाहूनच शिकले मी जे काय शिकले ते. मस्ट म्हणजे केलंच पाहिजे.

"काहून वं, त्यायले भूक लागलीच पाहिजे असा हुकूम सोडून राहिली का?" मी म्हटलं. "माह्या हुकमानं तं लागत नाही, तुह्या इंग्रजीनं लागली तं बरंच आहे बाई."

ती हसली. "हुकूम नाही आजी, अंदाज. आपण म्हणतो ना, भूक लागली असन, तसं. सल्ल्याला शुड. तू तर आबांना दिवसभर शुडच करतेस. खाल्लं पाहिजे, गिळलं पाहिजे."

"मंग काय करू?"

"अंदाज कर."

बसलो दोघी अंदाज करत. तोंड आलं असन. पाहिलं, तसं काही नव्हतं. वरण अळणी असन. चाखलं, ठीक होतं. माझ्यावर रागावले असतीन.

"कान्ट बी, शक्यच नाही," पोर म्हणाली. "रागावले असते तर तुझा पदर असा धरून ठेवला असता का?"

मी पुन्हा चमचा नेला. वरण हनुवटीवरून ओघळलं, गळ्याशी बांधलेलं फडकं भिजलं. ह्यांनी पोरीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. ह्याच पोरीला सायकलवर पुढं बसवून अख्खा बाजार फिरवायचे हे.

"आजी," ती हळूच म्हणाली, "आबांना माझ्यासमोर जेवायची लाज वाटत असेल." हे काही तिनं इंग्रजीत म्हटलं नाही. उठली, बाहेर ओट्यावर गेली, जाताना दार लोटून घेतलं.

जरा वेळानं ह्यांनी तोंड उघडलं. एकेक घास उतरायला फार वेळ लागतो, मधेच ठसका लागतो, माझा दंड भरून येतो. पण वाटी निम्मी झाली.

"खाल्लं का?" बाहेरून आवाज आला.

"खाल्लं माय."

"येऊ?"

सुट्टीत ही येईल, हिच्याशी चार गोष्टी बोलत बसता येईल, म्हणून मी किती वाट पाहिली होती. ह्यांचं तोंड अजून पुसायचं होतं.

"नको येऊ," मी म्हटलं. "आबा जेवतीन तवा तू बाहेरच बसत जाय." आणि पुढचा चमचा भरला.