फळ्यावरचं रीडिंग

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून कोण कुठे जाणार याची यादी लागली, की आमच्या स्टाफरूममध्ये पहिली चर्चा जेवणाची होते. पारनेरच्या बाजूला मटण चांगलं मिळतं, अमक्या कॉलेजात निघताना शाल देतात, तमक्या ठिकाणी साधं पाणीही कुणी विचारत नाही. विद्यार्थ्यांना काय येत होतं, हे परत आलेल्या माणसाला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी नगरला रसायनशास्त्र शिकवते आणि या गप्पा वर्षानुवर्षं ऐकत आले आहे.

त्या एप्रिलमध्ये मला शेवगावच्या पलीकडचं एक कॉलेज मिळालं. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. सकाळी निघाले तेव्हाच ऊन तापलं होतं. गेटवर विभागप्रमुख स्वतः उभे होते. पांढरी पँट, पांढरे बूट, बोटात अंगठ्या आणि मागे त्यांची लांबलचक पांढरी गाडी. गावात त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं, प्लॉटचा धंदा होता, आणि या सगळ्यातून वेळ उरला तर ते प्राध्यापकही होते. ही माहिती काढायला मला कष्ट पडले नाहीत. पहिला चहा संपायच्या आत त्यांनीच ती कौतुकाने सांगितली.

"मॅडम, उन्हातान्हाच्या आलात. बसा निवांत. जेवायला आमरस-पुरीचा बेत आहे. प्रॅक्टिकल काय, होत राहील."

"मुलं आलीत ना?"

"आलीत की. पण तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही आहोत ना."

त्यांच्या केबिनच्या भिंतीवर एक प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. शिक्षकांची व्यावसायिक नीतिमत्ता या विषयावरच्या ऑनलाइन कार्यशाळेत त्यांनी सहभाग घेतला होता. सहभाग म्हणजे मोबाईल सुरू ठेवून दुकानात बसणं, हे मला माहीत आहे. आमच्याकडेही असे सहभागी पुष्कळ आहेत.

मी उठून लॅबकडे गेले. ते मागे मागे आले.

लॅबमध्ये मुलं-मुली भिंतीला चिकटून उभी होती. टेबलांवर काचेचं सामान मांडलेलं होतं आणि ते इतकं स्वच्छ होतं की मला बरं वाटलं. दोनच पावलं पुढे गेले आणि कळलं की ते स्वच्छ नव्हतं, नवं होतं. कित्येक ब्युरेटना, म्हणजे खाली चावी असलेल्या मापाच्या काचनळ्यांना, अजून कारखान्याचा कागद गुंडाळलेला होता. वजनकाट्यावरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीचं सील तसंच होतं.

आणि समोर फळ्यावर, सुंदर अक्षरात, रीडिंग लिहिलेलं होतं.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. टायट्रेशन म्हणजे एका द्रावणात दुसरं द्रावण थेंबथेंब सोडत जायचं आणि रंग बदलला की थांबायचं. किती लागलं ते ब्युरेटवर वाचायचं, तेच रीडिंग. ते प्रत्येकाने आपल्या हाताने काढायचं असतं. परीक्षा त्याचीच असते. इथे द्रावण बनायच्या आधीच उत्तर तयार होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गोंधळ नको म्हणून लिहून ठेवलंय," ते म्हणाले. आवाजात लाज तर सोडाच, साधी चलबिचलही नव्हती. "सगळ्यांचं सारखं आलं की तपासायला तुम्हालाही सोपं."

मी डस्टर घेऊन फळा पुसला. ते हसले. मी गंमत करते आहे असं त्यांना वाटलं असावं.

पुढे उभ्या असलेल्या एका मुलाला मी पिपेट, म्हणजे द्रावण मोजून उचलायची बारीक नळी, भरायला सांगितलं. त्याने ती उलटी धरली. दुसऱ्याने ब्युरेटची चावी इतकी जोरात फिरवली की ती निघून हातात आली. कुणी हसलं नाही. सगळ्यांचे चेहरे चोरी पकडल्यासारखे झाले होते, आणि ज्याने चोरी केली होती तो माणूस दाराला टेकून मोबाईल पाहत होता.

"मॅडम, चला बाहेर," ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले. "तुम्हाला इकडची कल्पना नाही. ही ऊसतोडीवाल्यांची पोरं. अर्धं वर्ष कोपरगावकडे फडावर असतात. वर्गात येतच नाहीत, तर शिकवायचं कुणाला? आणि यांना करायचंय काय केमिस्ट्री शिकून?"

आवाज हळू होता, पण लॅब लहान होती. मागच्या टेबलापाशी उभी असलेली एक मुलगी पुढे आली. बारीक, उन्हाने रापलेली, ओढणीला घट्ट गाठ मारलेली. ती त्यांच्याकडे न बघता माझ्याशी बोलली.

"म्याडम, मी न्हाई गेल्ते फडावर. आईबाप गेल्ते. आई म्हनली, तुजं कालेज बुडवू नको. मी मावशीकडं राहिले. रोज यायचे."

"मग प्रॅक्टिकल?"

"लॅबला कुलूप असायचं. आमी दाराशी बसायचो, वाट बघून घरी जायचो." तिने ब्युरेटकडे बोट दाखवलं. "हे आज पहिल्यांदा हातात धरलं."

"जास्त बोलू नको," ते म्हणाले. "मार्क पाहिजेत ना?"

आळशी शिक्षक मी खूप पाहिले आहेत. आळसाचा मला राग येतो, पण किळस येत नाही. त्या क्षणी मला किळस आली. या पोरीच्या आईने तिला मागे ठेवलं ते याच्या भरवशावर, आणि हा माणूस त्याच आईच्या ऊसतोडीचं निमित्त करून पगार खात होता. वर तिला मार्कांची धमकी देत होता, तीही माझ्यासमोर.

मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही आता बाहेर बसा. परीक्षा दुपारी घेईन. तोवर मी यांना शिकवते."

"शिकवता? नियमात बसतं का हे?"

"नियमांची गोष्ट तुम्ही काढू नका."

ते प्राचार्यांना आणायला गेले. दरम्यान डिस्टिल्ड वॉटर नाही असं लक्षात आलं. लॅबच्या शिपायाला मी मोटरसायकलवर स्टँडजवळच्या गॅरेजात पिटाळलं आणि गाडीच्या बॅटरीत घालतात त्या पाण्याचे कॅन आणवले. बाटलीचं सील मीच फोडलं. साडीचा पदर खोचला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पिपेट अशी धरायची. बोट असं ठेवायचं. डोळा पाण्याच्या पातळीशी आणायचा. मुलं टेबलाभोवती इतकी दाटीने उभी राहिली की मला हात हलवायला जागा उरली नाही. आमच्या शहरातल्या वर्गात मागचे बाक रिकामे करून पुढे बोलावलं तरी कुणी येत नाही.

प्राचार्य आले. सौम्य, गोड बोलणारा माणूस.

"मॅडम, आपण सगळे एकाच धंद्यातले. जरा सांभाळून घ्या."

धंदा हा शब्द त्यांनी सहज वापरला. मला तो अगदी बरोबर वाटला.

"मी सांभाळूनच घेते आहे," मी म्हटलं. "तुमचं काम करून देते आहे."

त्यांनी खिशातला रुमाल काढून मान पुसली आणि जेवण तयार असल्याचं सांगून ते निघून गेले. मी जेवायला गेले नाही. मुलींनी आपले डबे उघडले, त्यातलीच भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मी खाल्ली. बाहेरच्या खोलीत विभागप्रमुख आणि प्राचार्य आमरस-पुरी जेवले. वाट्यांचे आवाज लॅबमध्ये येत होते.

दुपारी परीक्षा घेतली. त्या मुलीच्या पहिल्या टायट्रेशनचा रंग एकदम गडद झाला, द्रावण जास्त पडलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. परीक्षा होती, मी पुढच्या टेबलाकडे वळले. तिने फ्लास्क धुतला, पुन्हा भरला आणि श्वास रोखून चावी फिरवू लागली. या वेळी फिकट गुलाबी आला आणि टिकला. तिने रीडिंग घेतलं, लिहिलं, आणि मग फ्लास्क उजेडात धरून उगाचच बराच वेळ पाहत राहिली.

संध्याकाळी विभागप्रमुख मार्कांचा कागद घेऊन आले. सगळे आकडे भरलेले होते, एकालाही पन्नासपैकी चाळीसच्या खाली मार्क नव्हते. फक्त माझी सही हवी होती. मी तो कागद परत दिला आणि कोरा मागितला. ज्याला जेवढं आलं तेवढे मार्क दिले. नापास कुणाला केलं नाही. नापास करण्यासारखा माणूस परीक्षेला बसलेलाच नव्हता. ते समोर बसून पाहत होते. शेवटी म्हणाले, "पोरांचं नुकसान केलंत, मॅडम." हे वाक्य बोलताना त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. स्वतःला फसवायची ही ताकद मला आजवर दुसऱ्या कुठल्या धंद्यात दिसलेली नाही.

त्यांनी पुढे केलेली शाल आणि नारळ टेबलावरच ठेवून मी निघाले.

विद्यापीठाला सविस्तर कळवलं. उत्तर आलं नाही. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र बातमी माझ्याआधी पोचली होती. "एका दिवसाचा तर प्रश्न होता," एक ज्येष्ठ सहकारी चहा ढवळत म्हणाले. "कशाला वाईटपणा घेता?" त्यांच्या लेखी वाईट झालं होतं ते एवढंच. पुढच्या वर्षापासून एक्स्टर्नलच्या यादीत माझं नाव आलं नाही, तेव्हा त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त हळहळ वाटली.

त्या मुलीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. तिने फोन केला नाही, आणि करायचं काही कारणही नव्हतं. एका दिवसात कुणाचं आयुष्य बदलत नाही. तिला वर्षभर मिळायला हवं होतं ते मी तिला एका सकाळी दाखवलं, बस. त्यात माझा मोठेपणा नाही.

विभागप्रमुखांचं काय झालं ते मात्र माहीत आहे. ते विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर गेले. आता विद्यापीठातल्या मुलांनी काय शिकावं हे ठरवणाऱ्यांत ते बसतात. मागच्या वर्षी नगरला तरुण प्राध्यापकांच्या शिबिरात ते पाहुणे वक्ते होते. विषय होता शिक्षकाची जबाबदारी. बोलले छान. समोरची नवी मुलं वहीत लिहून घेत होती. चहाच्या वेळी मला पाहून ते हात जोडून पुढे आले आणि आजूबाजूच्यांना म्हणाले, "या आमच्या मॅडम. फार शिस्तीच्या. आमच्याकडे आल्या होत्या एकदा."

सगळे हसले. मी हात जोडले नाहीत. कप खाली ठेवला आणि त्यांच्या समोरून निघून गेले.

बाहेर पार्किंगमध्ये माझ्या विभागातली एक नवी प्राध्यापिका धावत आली. "मॅडम, असं कसं? सरांना वाईट वाटलं असेल."

"नाही वाटलं," मी म्हटलं. "मागे वळून बघ."

तिने पाहिलं. ते दारात उभे राहून कुणाला तरी प्लॉटचा भाव सांगत होते.