जेवायचा हात

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसलोय. तेव्हा आता माझ्यावर कुणी हसलं तर तक्रार नाही. मी इंजिनिअर आहे. ब्रिस्टलला विमानाच्या पंखांचं काम करतो – किती वाकला की मोडेल, ते काढायचं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. वडील एसटी डेपोत हेल्पर, आई चौथी पास. गावात कुणाच्या अंगात आलं की सगळे पाया पडायचे. मी बारावीत ते सोडलं आणि त्याबद्दल मारही खाल्ला. असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत... आजही मानतो असं नाही. फक्त जे घडलं ते लिहितोय.

जून २००६. इंग्लंडच्या पूल बंदरातून फेरीबोटीने फ्रान्सच्या शेरबूरला उतरायचं आणि नॉर्मंडीतल्या खेड्यांतून चार दिवस सायकलवर हिंडायचं. घाई नाही, दिवसाला पंचवीस-तीस मैल, आवडेल त्या गावात कॉफी. आदल्या वर्षी हीच टूर आम्ही तिघांनी केली होती – मी, समीर आणि मिलिंद. तिघंही एकाच ऑफिसातले.

भारतात काय, इंग्लंडात काय, आपण डावीकडून चालवणारे. फ्रान्समध्ये उजवीकडून. रहदारी असली की चूक होत नाही. चूक होते ती थांबून परत निघताना – रस्ता रिकामा, पोट भरलेलं, आणि सायकल आपोआप डाव्या कडेला जाते. मिलिंदने हे पहिल्याच दिवशी हेरलं. तो मुद्दाम सगळ्यात मागे राहायचा आणि आम्ही चुकलो की ओरडायचा, "जेवायचा हाऽऽत!" त्याच्या आजोळी उजव्या बाजूला असंच म्हणायचे. समीर कोथरूडचा. तो म्हणायचा, "अरे, सरळ राइट म्हण ना, गावंढळ." पण वळायचा बरोबर.

२००६ साली मिलिंद नव्हता. फेब्रुवारीत ऑफिसच्या कार पार्कमध्ये कोसळला. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. वय अडतीस.

टूर आम्ही रद्दच करणार होतो, तेवढ्यात त्याच्या बायकोचा, वैशालीवहिनींचा फोन आला. "दत्ता, मी येते. त्याच्या जागी."

"वहिनी, तुम्ही कधी सायकल..."

"शिकेन." मग म्हणाल्या, "तो गेला त्या आठवड्यात आम्ही बोलत नव्हतो. तुमच्या या टूरवरूनच. सकाळी तो 'येतो' म्हणाला आणि मी उत्तर दिलं नाही. तिथे असं काय होतं ते मला बघू तरी दे."

पुढे तीन महिने दर रविवारी वहिनी ब्रिस्टल-बाथ सायकल पाथवर आमच्याबरोबर आल्या. गुडघे फोडून घेतले, पण आल्या.

टूरचा दुसरा दिवस. ब्रिकबेकहून सँ-सोवरकडे निघालो होतो. वाटेत एका लहान गावात चर्चसमोर जेवलो. दुपारचे दोन वाजले असतील. ऊन होतं, दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही. वहिनींना बाटल्या भरायच्या होत्या.

"वैशाली, फ्रान्सचे सगळे नळ तपासून होणार तुझे," समीर म्हणाला.

"निघा तुम्ही. मी येतेच मागून."

आम्ही निघालो. समीर पुढे, मी दहा-पंधरा फूट मागे. तिथले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच झाडोऱ्याचे बांध. अर्धा मैल सरळ रस्ता आणि मग डावीकडे वळण. आम्ही दोघंही डाव्या कडेने चाललो होतो. लक्षातच नव्हतं.

मागून हाक आली.

"जेवायचा हाऽऽत!"

मी विचार केला नाही, हँडल वळवलं. समीरचं माझ्याआधी वळलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. आम्ही उजवी कड गाठतो न गाठतो तोच वळणातून दुधाचा टँकर आला आणि आम्ही एवढा वेळ जिथे होतो तिथून निघून गेला.

समीर सायकल टाकून गवतात बसला. "वैशालीने वाचवलं यार."

मी मागे पाहिलं. पार चर्चच्या टोकापर्यंत रस्ता मोकळा होता.

वहिनी दहा मिनिटांनी आल्या. मी विचारलं, "तुम्ही ओरडलात का?"

"मी आत्ता तर निघाले तिथून. काय ओरडले?"

मी सांगितलं.

"म्हणजे काय?"

समीर मला डोळ्यांनी गप्प बस म्हणत होता. पण मला आत एक बाहेर एक जमत नाही. मी सगळं सांगितलं – मिलिंद मागे राहायचा ते, त्याचं आजोळ, तो लांबवलेला 'हाऽऽ'.

"दोघांना ऐकू आलं?"

समीरने हो म्हणून मान हलवली.

"आणखी काही म्हणाला?"

"नाही वहिनी."

"हे त्याने मला कधी सांगितलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. भरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि पुढे निघाल्या.

मी नंतर सगळी उत्तरं लावून पाहिली. सवय, आठवण, मेंदूनेच दिलेला इशारा. एकट्या माझ्यापुरतं ते पटतंही. पण मग समीर माझ्याआधी कसा वळला? त्याला विचारलं की तो विषय बदलतो.

खरं मला सांगायचं आहे ते तिसऱ्या दिवसाचं. सकाळपासून वहिनी पुढे होत्या. एकदा पाहिलं तर त्या डाव्या कडेने चालल्या होत्या. मी पुढे जाऊन हाताने खूण केली, त्या उजवीकडे आल्या. थोड्या वेळाने परत डावीकडे. वाटलं, नवीन आहेत, चुकतंय. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या शेजारून गेलो तेव्हा चेहरा दिसला. चुकत नव्हतं. मान किंचित मागे वळवून त्या ऐकत होत्या.

मी समीरला पुढे जाऊ दिलं आणि स्वतः सगळ्यात मागे राहिलो. दुसरं काय करावं ते सुचेना. मैलभर तसेच गेलो. मग चढ आला. माथ्यापलीकडचं काही दिसत नव्हतं आणि वहिनी डावी कड सोडत नव्हत्या. पलीकडून इंजिनाचा आवाज ऐकू यायला लागला. "वहिनी" म्हणून दोनदा हाक मारली. त्यांनी ऐकलंच नाही.

मग माझ्या तोंडून तेच निघालं. "जेवायचा हाऽऽत!"

त्या झटकन उजवीकडे आल्या, ब्रेक दाबला आणि मागे वळून पाहिलं. तसा चेहरा मी आयुष्यात कुणाचा पाहिलेला नाही. एखादा क्षणच होता तो. एक व्हॅन शेजारून निघून गेली.

"तू होय," त्या म्हणाल्या.

उरलेला प्रवास त्या उजव्या कडेने, सरळ चालवत आल्या. फेरीवर आम्हाला चहा आणून दिला. मिलिंदचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढे त्या लीड्सला बहिणीकडे राहायला गेल्या. दिवाळीला फोन होतो.

आम्हाला ते का ऐकू आलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणी दिलं तरी मला पटेल असं वाटत नाही. पण ऐकण्यासाठी जी बाई दीड-दोनशे मैल लांब आली होती, तिला का नाही आलं... ते कुणाला विचारायचं, तेही मला कळत नाही.