आधी आठ दिवस पाणी येऊ द्या

पोळा होऊन पाच-सहा दिवस झाले असतील. कन्हानच्या शाळेत मी पाचवीच्या मुलींना भागाकार शिकवत होते. शिपाई दारात आला आणि म्हणाला, "मॅडम, नागपूरहून तुमचा पुतण्या आला आहे." विनायक व्हरांड्यात उभा होता. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. "काकू, बाई गेली," एवढंच तो म्हणाला. आमच्या घरात माझ्या मोठ्या जावेला सगळेच बाई म्हणत, पोटची मुलंसुद्धा. गोदावरी हे त्यांचं नाव फक्त मतदारयादीत होतं. बसमध्ये विनायकनं सांगितलं, सकाळी आंघोळ झाली, तुळशीला पाणी घातलं, मग ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, छाती भरून आल्यासारखं वाटून राहिलं. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. हे तो बोलत होता आणि मी खिडकीतून कन्हानचा पूल मागे जाताना पाहत होते. मनात एकच येत होतं, ही बातमी आता बाईंना कशी सांगायची... कारण गेली पंचवीस वर्षं बरं-वाईट काहीही झालं की आधी त्यांना सांगायचं, मग दुसऱ्याला, अशीच माझी रीत होती.

मी उमरेडची. मॅट्रिक होऊन लग्न झालं आणि नागपुरात पूर्वेकडच्या विणकरांच्या गल्लीत आले, नंदनवनकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. समोरच्या खोलीत दोन हातमाग. एकावर मोठे दीर बसत, दुसऱ्यावर माझे यजमान. सासू नव्हत्या. घर बाईंच्या हातात होतं. त्या ओसरीत चरख्यावर कांड्या भरत बसायच्या, म्हणजे धोट्यात घालायला सूत गुंडाळून द्यायचं काम, आणि तोंडानं गाणं चालू असायचं. आवाज गोड मुळीच नव्हता. जाडाभरडा, थोडा फाटका, पण गल्लीच्या टोकाला पोचणारा. गाणी त्या मनानंच जोडत. भाद्रपदाच्या पौर्णिमेला घरोघरी भुलाबाई बसायच्या. मातीच्या भुलाबाई-भुलोजींसमोर, म्हणजे पार्वती-शंकरांसमोर, महिनाभर रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी आणि बाया आमच्या अंगणात जमायच्या. जुनी गाणी संपली की सगळ्या बाईंकडे वळून बसत. मग भुलाबाई माहेरी जाता जाता आमच्याच गल्लीतून जायची, कोणाचं भांडण पाहायची, कोणाच्या दारात थांबून कोणाच्या सासूची चौकशी करायची. ज्या सासूचं नाव यायचं ती दोन दिवस फुगून बसे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ओळीत हजर.

गल्लीत सगळ्यात मोठा त्रास पाण्याचा. एक विहीर, तिचा काठ ढासळलेला, आणि उन्हाळ्यात तळाशी चिखल. कौसल्या म्हणून आमची शेजारीण होती, सातवा महिना लागलेला. भरलेली घागर घेऊन त्या काठावरून ती घसरली. ती वाचली, मूल गेलं. बाई तिच्याजवळ तीन दिवस बसून होत्या. पुढच्या आठवड्यात लुगडी पोचवायला त्या धरमपेठेत गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा वेगळाच दिसला. म्हणाल्या, "शांते, तिथं एका बंगल्यात नळाच्या पाण्यानं गुलाब भिजवून राहिले होते वं. माणसांसाठी आपल्याकडे थेंब नाही." त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात नळ बसला तो बसलाच.

महानगरपालिकेची निवडणूक आली. आमच्याच गल्लीतले बळीरामभाऊ उभे राहिले. किराण्याचं लहानसं दुकान, हसरा माणूस, कोणाच्याही मयतीला सगळ्यात आधी पोचणारा. एके दिवशी ते आमच्या ओसरीत येऊन बसले.

"बाई, तुमच्या गाण्यावर सगळ्या बाया चालतात. माझ्यासाठी एक गाणं जोडा न."

"जोडते. तुम्ही काय करसाल ते सांगा."

"नळ आणतो. वर्षाच्या आत. तुमच्या भुलाबाईची शपथ."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि हो म्हटलं. दोन दिवसांत गाणं तयार झालं. त्यातली दोनच ओळी सांगते:

आमच्या गल्लीत नळ आला बाई, नळ आला,
घागरीचा भार हलका झाला बाई, हलका झाला.

ते गाणं वणव्यासारखं पसरलं. विहिरीवर, बाजारात, शेजारच्या तीन वस्त्यांमध्ये बाया तेच म्हणत. ऐकताना वाटायचं की नळ खरंच आलेला आहे, फक्त जाऊन घागर लावायची बाकी आहे. बळीरामभाऊ भरघोस मतांनी निवडून आले. गल्लीत गुलाल उधळला गेला आणि बाईंच्या गळ्यात त्यांनी स्वतःच्या हातानं हार घातला.

वर्ष गेलं. दुसरं गेलं. बाई तीनदा त्यांच्या दुकानात जाऊन आल्या. दर वेळी उत्तर एकच, फाइल पुढे सरकली आहे. तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीवर रांगेत उभ्या असताना कौसल्या बाईंना म्हणाली, "बाई, तुमच्या गाण्यात तं आमच्या घरी कधीचाच नळ आला न." तिच्या आवाजात राग नव्हता. रागावून बोलली असती तर बाईंनी तिथंच दोन शब्द ऐकवले असते... पण ती नुसतं सांगत होती, आज ऊन फार आहे असं सांगावं तसं. बाई रिकामी घागर घेऊन घरी आल्या आणि ओसरीत बसून राहिल्या. त्या वर्षी भुलाबाईसमोर त्यांनी एकही गाणं म्हटलं नाही. पोरी जमल्या की म्हणायच्या, "म्हणा वं तुम्ही. मी ऐकते." महिनाभर अंगणात पोरींचे बारीक आवाज आणि दाराच्या चौकटीला टेकून गप्प बसलेल्या बाई. मी त्यांना म्हटलं, वचन भाऊंनी मोडलं, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? त्या म्हणाल्या, "त्यानं सांगतलं, आणतो. आला असं मी म्हटलं. बायांनी त्याचं नाही ऐकलं, माझं ऐकलं."

त्याच हिवाळ्यात वस्तीचं समाजभवन बांधून झालं. रविवारी दुपारी चार वाजता उद्घाटन, मोठे पाहुणे, मांडव, लाउडस्पीकर. स्वागतगीत बाईंनी म्हणावं असा बळीरामभाऊंचा निरोप आला. बाई हो म्हणाल्या तेव्हा माझे यजमान घाबरलेच. "वहिनी, काही उलटसुलट बोलू नका. ज्या डेपोतून आपल्याले सूत मिळते तिथं त्यांचा भाचा बसतो." बाई वेणी घालत होत्या. म्हणाल्या, "मी बोलाले कुठं जाऊन राहिली? गाणं म्हणाले जाऊन राहिली." मोठे दीर मागावरून उठलेही नाहीत. ते कमी बोलणारे. फक्त म्हणाले, "शाल घेऊन जा, गारवा आहे."

मांडव भरलेला होता. पुढे पाहुणे, मागे पुरुष, एका बाजूला सतरंजीवर बाया. बाई माइकसमोर गेल्या. पदर खांद्यावरून घेतला. आणि म्हणाल्या, "हे गाणं तुम्ही सगळ्यांनी माझ्या तोंडून ऐकलं. ते मी खोटं म्हटलं होतं. तेवढं आज दुरुस्त करते." पुढे एक शब्द न बोलता त्यांनी गायला सुरुवात केली. चाल तीच, ठेका तोच.

आमच्या गल्लीत नळ नाही बाई, नळ नाही,
घागरीचा भार हलका नाही बाई, हलका नाही.

दुसऱ्या ओळीला सतरंजीवरून एक आवाज उठला. मी मान वळवली, कौसल्या होती. मग तिच्या शेजारची, मग तिच्यामागची. कोणीतरी धावत जाऊन माइकची वायर काढली. त्यानं काहीच फरक पडला नाही, कारण तोवर शंभरेक बाया गात होत्या आणि टाळ्यांनी ठेका धरला होता. पाहुण्यांनी शेजाऱ्याला विचारलं की हे कोणतं गीत आहे. बळीरामभाऊ हातातल्या हाराकडे पाहत उभे होते. मलाही गावंसं वाटत होतं, पण तीन कडवी झाल्यावर कुठे माझा आवाज त्यात मिसळला. आयुष्यात एवढ्या माणसांत मी कधी गायले नव्हते.

सोमवारी डेपोतून सूत मिळालं नाही. मंगळवारीही नाही. पंधरा दिवस दोन्ही माग उभे राहिले. त्या घरात मागाचा खटका थांबला की कान दुखल्यासारखे व्हायचे. यजमान चिडचिड करत. बाई मान खाली घालून स्वयंपाक करत, आणि मला वाटतं त्या दिवसांत त्यांना खरोखर भीती वाटली असावी. एका दुपारी मोठे दीर रिकाम्या मागावर बसले होते. यजमान काहीतरी टोचून बोलले. दीर शांतपणे म्हणाले, "गाणं बरोबर होतं गा. सूत दुसरीकडून आणू." दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन उमरेडला गेले. माझ्या भावाचेही माग होते. त्यानं आपल्या वाट्याच्या सुतातलं निम्मं गाठोड्यात बांधून दिलं. परत आलो तेव्हा बाईंनी गाठोडं उघडून सुतावरून हात फिरवला आणि पहिल्यांदा रडल्या.

पुढच्या निवडणुकीला गल्लीतल्या बायांनी बाईंनाच उभं केलं. अर्ज मी भरला, बाईंनी अंगठ्याच्या जागी सही केली, आठ दिवस गिरवून शिकलेली. चिन्ह बादली मिळालं आणि सगळ्या गल्लीला हसू आलं. पोरी म्हणाल्या, आता बादलीवर मस्त गाणं जोडा. बाईंनी साफ नाही म्हटलं. "माझ्यासाठी गाणं नाही. गाणं असलं की माणूस इचार करत नाही, डोलते." मग त्या दारोदार जाऊन नुसतं बोलल्या. भाषण त्यांना जमत नसे, मधेच अडखळायच्या, तेच तेच सांगायच्या. मला फार वाईट वाटायचं. गायल्या असत्या तर जिंकल्या असत्या, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि त्यांनाही. थोडक्यात हरल्या. बळीरामभाऊ पुन्हा निवडून आले. त्यांची मिरवणूक आमच्या दारावरून निघाली तेव्हा बाई कुंकवाची वाटी घेऊन बाहेर आल्या, त्यांच्या कपाळाला टिळा लावला आणि म्हणाल्या, "भाऊ, विहीर अजून तिथंच आहे." ढोल वाजत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

ऐकलं होतं. मार्चमध्ये गल्लीत खणायला सुरुवात झाली आणि मेच्या आत विहिरीजवळ दोन तोट्यांचा नळ उभा राहिला. सकाळी सात वाजता पहिल्यांदा पाणी सुटलं. आधी वारा फसफसला, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. कौसल्यानं पहिली घागर लावली. बळीरामभाऊ स्वतः आले होते, घामाघूम, खूश. बाईंसमोर हात जोडून म्हणाले, "बाई, आता तरी गाणं बदला."

बाईंनी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. म्हणाल्या, "बदलते. आधी आठ दिवस पाणी येऊ द्या."

सगळे हसले, बळीरामभाऊसुद्धा. पण बाईंनी खरोखर आठ दिवस मोजले. रोज सात वाजता नळाजवळ जाऊन उभ्या राहायच्या. नवव्या दिवशी सकाळी, रांगेत, हातात घागर धरून त्यांनी जुनं गाणं जसंच्या तसं म्हटलं. नळ आला बाई, नळ आला. रांग पुढे सरकत होती आणि प्रत्येक बाई आपली घागर भरता भरता एक ओळ म्हणून जात होती.

नंतर बरंच बदललं. हातमाग मागे पडले, मोठे दीर गेले, विनायक बँकेत लागला. मला शिक्षिकेचं ट्रेनिंग करायला बाईंनीच पाठवलं होतं. माझ्या दोन्ही मुलांना त्यांनी दोन वर्षं सांभाळलं, म्हणून मी आज कन्हानला नोकरी करते. त्यांच्या दहाव्याला बळीरामभाऊ आले होते. म्हातारे झालेत, काठी घेऊन चालतात. माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "महानगरपालिकेच्या सभेत मी उभा राहिलो की लोक चहा प्याले निघून जायचे. माझं कोणी ऐकत नव्हतं, ते बाईले कसं सांगू? त्या गाण्यानंतर, पुन्हा निवडून आलो तेव्हा, साहेबाच्या टेबलासमोर जाऊन बसलो. म्हटलं, नळ दिल्याशिवाय उठत नाही, मले गल्लीत तोंड दाखवता येत नाही." मग त्यांनी काठी जवळ ओढली. "टिळा लावला त्या दिवशी वाटलं होतं, बाई शिव्या देईल," एवढं म्हणाले आणि उठले.

त्या नळानंतर बाईंना एक सवय जडली होती. जी गोष्ट पुरी झाली नाही तिला त्या कधीच "झाली" म्हणत नसत. चुलीवरचा भात शिजून खाली उतरला तरी ताटात पडेपर्यंत "होऊन राहिला" म्हणायच्या. विनायकचं लग्न ठरलं तेव्हा मांडवात अक्षता पडेपर्यंत "ठरून राहिलं" म्हणत होत्या. आम्ही चिडवायचो, त्या हसायच्या, पण शब्द बदलत नसत.

मागच्या रविवारी मी नागपूरला गेले होते. बसला उशीर झाला, भूक लागली होती. ओसरीतूनच मी विनायकच्या बायकोला विचारलं, "स्वयंपाक झाला का वं?" आतून वरणाच्या फोडणीचा वास येत होता, पोळ्यांचा डबा बंद झाल्याचा आवाजही आला. "होऊन राहिला, काकू," ती म्हणाली. मी हातपाय धुतले, पाट घेऊन बसले. तिनं ताट आणलं, भात वाढला, वरण घातलं, त्यावर तुपाची धार सोडली. मग समोर बसली, पदरानं घाम पुसला आणि म्हणाली,

"झाला. जेवा आता."