हेल्मेटचा हात

पेणच्या त्या मूर्तिकाराकडे गणपतींच्या रांगेत सेफ्टी हेल्मेटांचा ढीग कशाला, हे कोडं मला पहिल्याच भेटीत पडलं. नागोठण्याच्या भंगारवाल्याकडून तो कंपन्यांतली मुदत संपलेली हेल्मेटं आणतो, कापतो, गरम हवेनं मऊ करतो आणि त्यातून लुळ्या हातांसाठी आधार घडवतो. लकव्यानंतर आईच्या उजव्या हाताची मूठ वळली ती उघडेचना, म्हणून रोह्याच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी आम्हाला त्याच्याकडे धाडलं.

तो माणसाच्या तोंडाकडे बघतच नाही, थेट हाताशी बोलतो. "काय रे, दुखतंय? नाय ना?"

पहिला आधार त्याने आईच्या हाताला चढवला आणि आम्ही मायलेकी हसतच सुटलो. पंजा सरळ उभा, बोटं वर, थेट गणपतीचा आशीर्वाद! तो ओशाळला. "जन्मभर हाच हात केला ना. मावशी, या हातानं तुमी काय करायच्या?"

"भाकऱ्या थापायचे."

त्याने आधार काढून घेतला आणि शाडूचा ओला गोळा पुढ्यात ठेवला. आईने दोन्ही हातांनी जमेल तसं थापून दाखवलं, आणि तो बराच वेळ तिच्या मनगटाचा कल बघत राहिला. दुसरा आधार त्या कलाचा झाला.

महिन्याने आधाराचा पट्टा बदलायला गेलो, तर मूर्तींच्या फळीवर ती शाडूची भाकरी वाळवून ठेवलेली. तिच्यावर एका बाजूला पाच बोटं उमटलेली, दुसऱ्या बाजूला मूठ.

"ही मोडली नाहीत?" मी विचारलं.

"नाय," तो आईच्या हाताला म्हणाला, "तू उघडलास की शेजारी दुसरी थापून घेनार हाय."